मराठा रेजिमेंटचा गोलरक्षक
शंकर लक्ष्मण यांचा जन्म 7 जुलै 1933 रोजी मध्य भारतातील महू येथे झाला. महूजवळच्या कोदरिया गावात ते आधी फुटबॉल खेळत. 1947 मध्ये ते सैन्याच्या बँडपथकात भरती झाले आणि पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेले. या रेजिमेंटचे केंद्र बेळगावात आहे.

सैन्यात ते हॉकीकडे वळले आणि सैन्यदलाच्या संघातून भारतीय हॉकी संघाचे गोलरक्षक झाले. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने एकही गोल न स्वीकारता सुवर्ण जिंकले; 1960 साली रोमच्या अंतिम सामन्यात मात्र पाकिस्तानकडून 0-1 अशी हार पत्करावी लागली. टोकियोत 1964 साली अंतिम सामन्यात पुन्हा पाकिस्तानच समोर होते. मोहिंदर लाल यांनी पेनल्टी स्ट्रोकवर एकमेव गोल केला. त्यानंतर पाकिस्तानचे हल्ले लक्ष्मण यांनी एकामागून एक थोपवले. पायांना पॅड असत, पण चेहरा उघडाच, आणि तरीही ते जागचे हलत नसत. त्या सुवर्णपदकाचे श्रेय गोल करणाऱ्याइतकेच त्यांचे आहे. बेळगावचे बंडू पाटीलही याच संघात होते.

1966 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत लक्ष्मण यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण मिळवले. गोलरक्षकाकडे भारताचे कर्णधारपद येण्याची ही पहिलीच वेळ. अर्जुन पुरस्कार आणि 1967 ची पद्मश्री त्यांना मिळाली. 1968 च्या ऑलिंपिक संघातून वगळल्यावर त्यांनी हॉकी सोडली. 1979 मध्ये ते कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. अखेरच्या काळात पायाला गँगरीन झाले, हलाखीही वाट्याला आली. अशा खेळाडूची एवढी उपेक्षा व्हायला नको होती. 29 एप्रिल 2006 रोजी महू येथेच त्यांचे निधन झाले.