भाड्याचे यंत्र आणि विकतचे दुखणे

कोलकात्यातील नियुक्तीच्या काळात माझा मुक्काम बागबाजारात होता. गंगेचा घाट, भगिनी निवेदितांचे वास्तव्य आणि नवीनचंद्र दासांचा रसगुल्ला यांसाठी ओळखली जाणारी ही जुनी वस्ती. तेथून श्यामबाजारमार्गे बॅरकपूर ट्रंक रोडने उत्तरेकडे निघाले की थोड्याच अंतरावर बरानगर लागते आणि तेथे प्रा. महालनोबिस यांची भारतीय सांख्यिकी संस्था. १९५५ साली 'एचईसी-२एम' हा भारतातील पहिला अंकीय संगणक आला तो याच संस्थेत. ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीचे हे यंत्र संस्थेने विकत घेतले होते आणि ते चालवण्याची व दुरुस्त करण्याची विद्या संस्थेच्या अभियंत्यांनी आत्मसात केली. पुढे १९६६ मध्ये याच संस्थेने जादवपूर विद्यापीठाच्या साह्याने 'इसिजू-१' हा संगणक स्वतः बांधला.

वाचकहो, हा तपशील देण्याचे कारण म्हणजे त्याच काळात देशात इतरत्र अगदी उलट व्यवहार चालू होता. आयबीएम ही कंपनी १९५० च्या दशकारंभीच भारतात आली होती. यंत्र विकायचे नाही, भाड्याने द्यायचे, हे तिचे जगभरचे धोरण होते. ग्राहकाला एकरकमी भांडवल गुंतवावे लागत नाही, यंत्र जुने झाल्याचा तोटा त्याच्या माथी येत नाही आणि बिघाड झाला तर कंपनीचा माणूस हजर होतो. विक्रेत्याला त्याहून मोठे लाभ: दरमहा निश्चित उत्पन्न, जुन्या यंत्रांच्या बाजारावर ताबा आणि ग्राहक कायमचा बांधलेला. टिकाऊ वस्तूचा मक्तेदार विक्रीऐवजी भाडे का पसंत करतो, याचे विवेचन रोनाल्ड कोस यांनी १९७२ च्या एका निबंधात केले आहे. अमेरिकी शासनाला मात्र हे दुखणे आधीच कळले होते. आपल्याच छिद्रपत्रिका वापरण्याची कंपनीची सक्ती तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९३६ मध्ये अवैध ठरवली आणि १९५६ च्या तडजोडीच्या हुकुमनाम्याने यंत्रे विकण्याचाही पर्याय देणे तिला भाग पडले.

आपल्याकडे १९६० च्या दशकात '१४०१' हे यंत्र सरकारी आणि खासगी कचेऱ्यांत पसरले. त्यातील बरीचशी यंत्रे परदेशात वापरून परत आलेली, येथे दुरुस्त करून भाड्याने दिलेली होती. पाश्चात्त्य देशांत मागे पडलेल्या यंत्राचे भाडे आपण नव्या यंत्राप्रमाणे का भरावे, हा टीकाकारांचा आक्षेप होता. पण देखभालीचे ज्ञान कंपनीपाशीच असल्याने वाटाघाटीत आपली बाजू लंगडी होती.

याच दशकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात संगणकाविषयीचा दुसरा प्रश्न रस्त्यावर आला. आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी इलॅको हाउसमध्ये संगणक बसू नये म्हणून दिवसरात्र पहारा दिला. या आंदोलनांच्या पार्श्वभूमीवर नेमलेल्या स्वयंचलन समितीचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांच्याकडे आले आणि समितीने १९७२ मध्ये अहवाल दिला. परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना कोलकात्याच्या इतिहासात हे मराठी नाव भेटले की बरे वाटते. रोजगाराची चिंता खरी होती. मात्र यंत्र हवे की नको या वादाच्या गदारोळात, यंत्र कोणत्या अटींवर हवे, हा प्रश्न सामान्य चर्चेत मागे पडला.

तो प्रश्न पुढे आणला परकीय चलन नियमन कायद्याने. १९७३ च्या या कायद्यानुसार बहुतेक परकीय कंपन्यांना भारतातील भांडवली हिस्सा ४० टक्क्यांवर आणणे आवश्यक झाले. ब्रिटनच्या आयसीएलने तडजोड केली आणि ती येथे राहिली. संपूर्ण मालकी सोडणे आयबीएमला मान्य नव्हते आणि १९७८ मध्ये तिने भारतातील कारभार आवरला. हे श्रेय अथवा दूषण सर्रास जॉर्ज फर्नांडिस यांना दिले जाते. परंतु ते उद्योगमंत्री झाले १९७७ मध्ये, वाटाघाटी त्याआधीपासूनच चालू होत्या.

कंपनी गेल्यावर यंत्रे बंद पडली नाहीत, ही या इतिहासातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सीएमसी या सरकारी कंपनीने त्यांची देखभाल हाती घेतली. अनेक उत्पादकांची यंत्रे सांभाळता सांभाळता तिला जे ज्ञान मिळाले, त्यातूनच १९८५-८६ मध्ये दिल्लीत रेल्वे आरक्षणाची संगणकीय व्यवस्था उभी राहिली. याचा अर्थ सारे आलबेल होते असा नाही. आयातीवरील निर्बंधांमुळे देशी संगणक महाग आणि मागासलेले राहिले, आणि १९८४ च्या संगणक धोरणानंतरच ती कोंडी फुटू लागली. आयबीएमही १९९२ मध्ये टाटांच्या भागीदारीत परतली.

आता थोडे स्वतःविषयी. काही वर्षांपूर्वी माझ्या कार्यालयात लेखा प्रणालीची निविदा मी मंजूर केली. दर सर्वांत कमी होता, नियमाप्रमाणे सारे निर्दोष होते. मुदत संपल्यावर कळले की आमचीच माहिती त्या पुरवठादाराखेरीज कोणाला वाचता येत नाही. त्याने मागितलेल्या दराने मुदतवाढ द्यावी लागली आणि दरम्यान कित्येक लहान कंत्राटदारांची देयके दोन महिने अडकली. पुरवठादाराने कराराबाहेर काहीही केले नव्हते. बाहेर पडण्याची अट करारात घालणे हे माझे काम होते आणि ते मी केले नाही.

आज संगणक पुन्हा भाड्याने मिळू लागला आहे. फक्त यंत्राऐवजी दूरच्या कोठारातील जागा आणि मासिक वर्गणी एवढाच फरक. भाडे वाईट नव्हे, पुष्कळदा तेच शहाणपणाचे असते. मात्र सही करण्यापूर्वी दराच्या जोडीने तीन गोष्टी पाहाव्यात: माहिती कोणाच्या मालकीची, ती कोणत्या स्वरूपात परत मिळणार आणि पुरवठादार उद्या निघून गेला तर काम कोण चालवणार. बरानगरच्या अभियंत्यांपाशी यातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होते. माझ्यापाशी नव्हते, आणि त्याची किंमत त्या लहान कंत्राटदारांनी मोजली.