४४,१०० या संख्येची पूर्वपीठिका

संगणकातील आभासी वाद्यांवर संगीतरचना करणाऱ्याने नवे प्रोजेक्ट उघडले, की सॅम्पल रेट, म्हणजे ध्वनीचे प्रतिसेकंदी किती नमुने घ्यावयाचे, हे प्रारंभीच मुक्रर करावे लागते. आणि ४८,०००, ९६,००० अशा सुबक आकड्यांच्या पंक्तीत ४४,१०० ही आडनिडी संख्या कोठून आली, याचे उत्तर ध्वनिशास्त्रात अर्धेच सापडते.

मनुष्याच्या श्रवणाची वरची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ. आणि जेवढ्या वारंवारतेपर्यंतचा ध्वनी जपावयाचा, तिच्या दुपटीहून अधिक नमुने घेतले पाहिजेत, हा सिद्धांत हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या निबंधात बीजरूपाने होता व क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये तो सिद्धतेसह मांडला. यावरून चाळीस हजारांची आणि गाळणीसाठी थोड्या सवलतीची गरज ठरते. नेमक्या ४४,१०० ची नव्हे.

उरलेले उत्तर दूरचित्रवाणीच्या दफ्तरात आहे. १९७० नंतरच्या दशकात अंकीय ध्वनीचा प्रचंड ओघ साठवू शकेल असे सहजप्राप्य यंत्र एकच होते, ते म्हणजे व्हिडिओ टेप रेकॉर्डर. म्हणून सोनीसारख्या कंपन्यांनी ध्वनीचे अंक काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने चित्रफितीवरच उमटवण्याची तजवीज केली. जपान-अमेरिकेच्या पद्धतीत सेकंदाला चित्राची ६० क्षेत्रे (फील्ड), प्रत्येकात उपयोगी रेषा २४५ आणि दर रेषेवर प्रत्येक वाहिनीचे नमुने ३. त्यांचा गुणाकार ४४,१००. युरोपीय पद्धतीत क्षेत्रे ५०, रेषा २९४, नमुने तेच ३. गुणाकार पुन्हा ४४,१००! दोन भिन्न पद्धती एकाच संख्येवर यावयास लावणारी ही गणिती तडजोड मला त्या काळातील अभियंत्यांच्या बुद्धिमत्तेचा उत्तम नमुना वाटते. पुढे फिलिप्स व सोनी यांनी कॉम्पॅक्ट डिस्कची मानके ठरवली, तेव्हा मूळ मुद्रणे अशाच फितींवर होत असल्याने तीच संख्या कायम झाली, आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात डिस्क विक्रीस आली. ४८,००० चा अंमल चित्रपट व प्रक्षेपणात बसला. चित्रपटाच्या दर सेकंदाच्या २४ चौकटींपैकी प्रत्येकीस तेथे बरोबर २,००० नमुने येतात.

मुद्रित नमुने स्मृतीत साठवून वाजवणाऱ्या सॅम्पलर यंत्रांचा दर मात्र स्मृतीच्या किमतीने ठरे. ई-म्यू कंपनीच्या १९८७ च्या एसपी-१२०० चा दर सुमारे २६,००० एवढाच होता, आणि त्यातून उपजणारा खरखरीत नाद न्यूयॉर्कच्या हिप-हॉप निर्मात्यांनी दोष न मानता आपलासा केला. १९९९ मध्ये श्टाइनबर्गने व्हीएसटी या प्लगइन-मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीत आभासी वाद्यांना मुभा दिली, तेव्हा या यंत्रांचे कार्य संगणकातील आज्ञावलीकडे आले.

आज निवड करताना वाद्याची उत्पत्ती पाहावी. मुद्रित पियानो वा व्हायोलिनचे नमुने ४४,१०० किंवा ४८,००० दराचे असतील, तर प्रोजेक्ट ९६,००० वर ठेवल्याने त्यांत नसलेला ध्वनी अवतरत नाही. केवळ प्रोसेसरवरील भार जवळजवळ दुप्पट होतो. गणिताने नाद उत्पन्न करणाऱ्या सिंथेसायझरची, विशेषतः विकृतिकारक परिणामांची, गोष्ट निराळी: तेथे निम्म्या दरापलीकडे गेलेले स्वरांश दुमडून खाली परततात व बेसूर ठरतात, म्हणून उंच दराचा लाभ खरा असतो, परंतु अनेक प्लगइन हे काम अंतर्गत ओव्हरसॅम्पलिंगने, म्हणजे आतल्या आत दर तात्पुरता उंचावून, स्वतःच करतात. तेव्हा केवळ श्रवणासाठी रचना असेल तर ४४,१००, चित्राबरोबर जावयाची असेल तर ४८,००० घ्यावा, आणि ९६,००० चा दर ज्याच्या कानाला प्रत्यक्ष तुलनेत फरक जाणवला त्यानेच स्वीकारावा.