चुकलेले घड्याळ आणि आरपार गेलेला कण

२२ ऑक्टोबर आणि २४ नोव्हेंबर १९९३ या दोन दिवशी जगातल्या काही भूकंपमापक केंद्रांवर बारीक कंप उमटले. कुठल्याही ज्ञात भूकंपाशी किंवा स्फोटाशी त्यांचा मेळ बसला नाही, म्हणून ते बेवारस नोंदींच्या ढिगात पडून राहिले. २००२ साली अमेरिकेत डॅलस येथील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातील भूकंपतज्ज्ञ युजीन हेरिन, भौतिकशास्त्रज्ञ विग्डर टेप्लिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदींचा एक अजब अर्थ जगापुढे मांडला. त्यांच्या मते हे कंप अवकाशातून आलेल्या आणि पृथ्वी भेदून पलीकडे निघून गेलेल्या अतिघन कणांचे असू शकत होते. त्यांच्या हिशेबाने ऑक्टोबरमधला कण अंटार्क्टिकाजवळ आत शिरला होता आणि भारताच्या दक्षिणेला समुद्रातून बाहेर पडला होता.

हा कण कुणी पाहिलेला नव्हता. तो कागदावर जन्मला होता. आपल्या अणूंच्या गाभ्यातले प्रोटॉन-न्यूट्रॉन 'अप' आणि 'डाउन' या दोन प्रकारच्या क्वार्कांचे बनलेले असतात. तिसऱ्या, जड क्वार्कचे नाव 'स्ट्रेंज', म्हणजे विचित्र. १९७१ मध्ये आर्नल्ड बोडमर यांनी आणि १९८४ मध्ये एडवर्ड विटन यांनी अशी कल्पना मांडली की तिन्ही प्रकार एकत्र नांदत असलेले द्रव्य आपल्या नेहमीच्या द्रव्याहूनही स्थिर असू शकेल. दोन खोल्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबाला तिसरी खोली मिळावी तसे हे आहे. तिसऱ्या खोलीचे भाडे जास्त, पण दाटी मोडते, आणि एकूण हिशेब कदाचित फायद्याचा ठरतो. विटन यांना तर असेही वाटले की विश्वाच्या आरंभीच असे गोळे तयार होऊन उरले असतील, आणि ज्याला आपण कृष्णद्रव्य म्हणतो ते हेच असेल. त्याच वर्षी आल्वारो दे रुहुला आणि शेल्डन ग्लॅशो यांनी विचारले, की असे गोळे आकाशातून येत असतील तर ते दिसतील कसे? वातावरणात चमक, जुन्या अभ्रकात कोरलेली रेघ, आणि मोठा गोळा असेल तर जमिनीतले कंप, ही त्यांची उत्तरे.

या द्रव्याच्या एका घन सेंटिमीटरचे वजन ३० कोटी टनांहून अधिक भरेल. उलट बाजूने पाहिले तर एक टनाचा गोळा केसाच्या जाडीच्या जेमतेम चौथ्या भागाएवढा होईल. सेकंदाला २५० किलोमीटर वेगाने तो पृथ्वीच्या मध्यातून सुमारे ५० सेकंदांत पार होईल. भौतिकशास्त्र मी कॉलेजात नव्हे, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून शिकलो. तरी वाटेत आलेला खडक ढकलायला किती ऊर्जा लागेल हे गणित वहीत मांडता येते. ती येते दोन-अडीचशे टन टीएनटीच्या स्फोटाएवढी, पण १२,७०० किलोमीटरच्या रेषेवर पसरलेली. वरच्या शहरात कुणाच्या कपातला चहासुद्धा हलणार नाही.

म्हणूनच सगळी भिस्त वेळेच्या नोंदीवर होती. भूकंप एका बिंदूतून उठतो. त्याचे अक्षांश, रेखांश, खोली आणि क्षण, एवढ्या चार गोष्टी काढल्या की झाले. आरपार गेलेल्या कणाचा मात्र आत शिरण्याचा बिंदू, बाहेर पडण्याचा बिंदू, वेग आणि क्षण असे सहा आकडे हवेत. सहा केंद्रांनी ते निघतील. ते खरे की खोटे हे पाहायला सातवे लागेल. १९९० ते १९९३ या काळातल्या दहा लाखांहून अधिक बेवारस नोंदी चाळून या मंडळींनी हे काम केले. भारत, ऑस्ट्रेलिया, बोलिव्हिया आणि तुर्कस्तान इथल्या केंद्रांवरच्या नोंदी त्यात होत्या.

आणि मग एका केंद्राचे घड्याळ त्या काळात बरेच चुकलेले होते हे उघड झाले. शोधकांनी स्वतःच दावा मागे घेतला. वर्तमानपत्रांत दाव्याला जेवढी जागा मिळाली होती त्याच्या दशांशही माघारीला मिळाली नाही. मला मात्र या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट ती माघारच वाटते.

'बाहेर कुठे पडला?' हा प्रश्न त्याआधीही एका तर्काला भोवला होता. १९०८ साली सायबेरियातल्या तुंगुस्का येथे झालेला स्फोट एका लहानशा कृष्णविवराने घडवला असेल, असे जॅक्सन आणि रायन यांनी १९७३ मध्ये सुचवले. तसे असते तर ते उत्तर अटलांटिकमधून बाहेर पडायला हवे होते आणि तिथेही मोठा हादरा बसायला हवा होता. तशी नोंद कुठेच नाही.

या द्रव्याची भीती वेगळ्या वाटेने आली. एखादा कण पृथ्वीत अडकून राहिला आणि सभोवतालचे द्रव्य आपल्यासारखे करत गेला तर? १९९९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत नवा त्वरक सुरू होण्याआधी हाच प्रश्न वर्तमानपत्रांत गाजला. संचालक जॉन मारबर्गर यांनी बुझा, जॅफे, सँडवाइस आणि विल्चेक या चौघांची समिती नेमली. तिने साक्षीला चंद्र उभा केला. चंद्राला वातावरण नाही; विश्वकिरणांतली लोखंडाची केंद्रके सुमारे साडेचारशे कोटी वर्षे त्याच्या उघड्या पाठीवर आदळत आहेत, आणि चंद्र जागेवर आहे. इतके साधे आणि इतके अभेद्य उत्तर मी क्वचितच वाचले आहे.

पण उत्तर भीतीच्या वेगाने पसरत नाही. सप्टेंबर २००८ मध्ये जिनिव्हाजवळचा महात्वरक सुरू होताना आपल्या वृत्तवाहिन्यांनी प्रलयाची उलटी मोजणी लावली होती. त्याच आठवड्यात, त्या बातम्यांना घाबरून मध्य प्रदेशातील एका किशोरवयीन मुलीने जीव दिल्याचे वृत्त आले. चंद्राचा दाखला तेव्हा नऊ वर्षे जुना होता. तो तिच्या घरापर्यंत कुणी पोचवला नव्हता.

शोध थांबलेला नाही. कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमधील सिबाजी राहा आणि सहकाऱ्यांनी लहान कण वातावरण ओलांडून डोंगरउंचीपर्यंत पोचू शकतील का याचे गणित २००० साली मांडले. पुढे त्यांनी दार्जिलिंगच्या उंचीवर बाजारात मिळणारे पॉलिएस्टरचे पारदर्शक पत्रे उघड्यावर ठेवून त्यांवर ओरखडे शोधण्याचे तंत्र बसवले. याच डोंगरांत देवेंद्रमोहन बोस आणि विभा चौधरी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फोटोच्या काचा ठेवून विश्वकिरणांचा माग काढला होता.

डॅलसचा गटही पुढे चंद्राकडेच वळला. तिथे समुद्र नाही, वारा नाही, रहदारी नाही. कंप ऐकायला इतकी शांत जागा दुसरी नाही. अपोलोच्या अंतराळवीरांनी मांडलेल्या कंपमापकांच्या नोंदींवरून त्यांनी २००६ मध्ये दाखवले, की दहा किलो ते एक टन वजनाचे असे गोळे असलेच, तर सगळे कृष्णद्रव्य त्यांचेच असते तेव्हा जितके असते त्याच्या फार तर दहाव्या हिश्श्याइतके. ते कंपमापक सप्टेंबर १९७७ मध्ये बंद करण्यात आले. त्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, चांद्रयान-३ च्या 'इल्सा' या उपकरणाने चंद्राच्या जमिनीतले कंप पुन्हा टिपले. त्याचे काम वेगळे होते, आणि चंद्रावरचा एक दिवस, म्हणजे आपले सुमारे दोन आठवडे, एवढेच त्याचे आयुष्य होते.