पथ्याचं ताट: स्तनाचा कर्करोग आणि आहाराचा इतिहास

नाशकात खाण्यावर बोलायचं म्हणजे मिसळीपासून सुरुवात होते. आज मात्र वेगळ्या ताटाबद्दल बोलू. घरातल्या बाईला स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं, की शेजारीपाजारी सल्ले देतात: दूध बंद, साखर बंद. ही सवय आली कुठून?

मुळं फार जुनी आहेत. दुसऱ्या शतकातला वैद्य गेलन म्हणायचा, शरीरात काळं पित्त साचलं की कर्करोग होतो. मसूर, कोबी, जुनं चीज यांनी ते पित्त वाढतं. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मांसार्बुदाचा संबंध अतिमांसाहाराशी जोडलाय. त्यांना हसू नका. सूक्ष्मदर्शक नसताना कारण डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींतच शोधलं जाणार. पण मेख इथेच आहे: कारण ताटात सापडलं, की दोष जेवणारीवर येतो.

१९६३ साली मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. पारशी स्त्रियांमध्ये हा आजार जास्त दिसला. कारणं शोधताना उशिरा लग्न, कमी मुलं हेही पुढे आलं. प्रश्न ताटापुरता उरला नाही.

बरं, आजार झाल्यावर ताट बदललं तर? अमेरिकेत उपचार झालेल्या ३,०८८ स्त्रियांवर हे तपासलं. एका गटाला भरपूर भाज्या-फळं, कमी चरबी असा कडक आहार. दुसऱ्याला नेहमीचा सल्ला. निकाल २००७ मध्ये आला. सात वर्षांत दोन्ही गटांत शेकडा सुमारे १७ जणींना आजार पुन्हा झाला. म्हणजे भाज्या सोडा, असं नाही. वजन आटोक्यात ठेवणं, दारू टाळणं हिताचंच. पण औषधाचं काम ताटाकडून मागू नका.

केमोथेरपीत तोंड येतं, चव जाते. तेव्हा मऊ भात, मुगाचं वरण, नागलीची पेज, नीट शिजवलेलं अंडं असं जे पोटात जाईल ते महत्त्वाचं. शरीराची झीज भरायला प्रथिनं लागतात. आधीच आपल्याकडे बाई सगळ्यांत शेवटी जेवते. त्यात उरलेलंही आपण पथ्याच्या नावाने काढून घेतो!

पथ्य म्हणजे खरं तर जे मानवतं ते. तेव्हा काय बंद करायचं हे विचारण्याआधी, 'आज काय जेवलीस?' एवढं तिला विचारा. पुढचं डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सांगतील.