शास्ता

मराठी बायबलमधील एका ग्रंथाचे नाव ‘शास्ते’ आहे. ‘शास्ता’ हा शब्द संस्कृतातील ‘शास्’ या धातूपासून आला. शिकवणे, आज्ञा करणे, दंड देणे असे त्याचे अर्थ. शास्त्र, शिष्य, शासन हे त्याच कुळातले शब्द. बुद्धालाही ‘शास्ता’ म्हणत. बायबलमधला मूळ हिब्रू शब्द ‘शोफेट’. न्याय करणारा आणि राज्य चालवणारा, असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. एफ्राइमच्या डोंगराळ मुलखात, रामा आणि बेथेल यांच्यामध्ये, या शास्त्यांपैकी एक, दबोरा, खजुरीच्या झाडाखाली बसे आणि लोक तंटे घेऊन तिच्याकडे येत. त्याच हिब्रू धातूचे क्रियापद शलमोन राजाने देवाकडे केलेल्या मागणीत येते. गिबोन येथे त्याने संपत्ती किंवा दीर्घायुष्य मागितले नाही. प्रजेचा न्याय करण्यासाठी ऐकून घेणारे मन मागितले. शहाणपणाची सुरुवात ऐकण्यापासून व्हावी, ही फार मोलाची अट आहे. बायबलमधील ‘अनुवाद’ या ग्रंथानुसार राजाने नियमशास्त्राची प्रत लिहून ती आयुष्यभर वाचायची असते, म्हणजे तोही नियमाखालीच.

रायगड जिल्ह्यात, किनाऱ्यालगतच्या मराठीभाषक बेने इस्राएल या ज्यू समाजात धर्मविधी आणि निवाडा पाहणाऱ्यास मात्र ‘काजी’ म्हणत. हा अरबी शब्द. त्याच्या मुळाशी ‘निर्णय करणे’ हा अर्थ आहे.