रॉय, मानवेंद्रनाथ : राजकीय मतांची स्थित्यंतरे

रॉय, मानवेंद्रनाथ : (२१ मार्च १८८७–२५ जानेवारी १९५४). भारतीय क्रांतिकारक, आंतरराष्ट्रीय साम्यवादी चळवळीतील एक पुढारी व नवमानवतावादाचे प्रणेते. सशस्त्र राष्ट्रवाद, मार्क्सवाद आणि पक्षविरहित मानवतावाद अशा तीन परस्परभिन्न भूमिकांवर ते एकाच आयुष्यात उभे राहिले, आणि यांतील दुसरे स्थित्यंतर त्यांना पद, पक्ष व लोकप्रियता यांच्या मोलाने पत्करावे लागले. म्हणून मनुष्याची राजकीय मते कोणत्या कारणांनी पालटतात याचा शोध घेणाऱ्यास त्यांच्या चरित्राइतके बोधप्रद चरित्र अर्वाचीन भारतात क्वचितच सापडेल.

त्यांचे मूळ नाव नरेंद्रनाथ भट्टाचार्य. बंगालमधील चोवीस परगणा जिल्ह्यातील पुरोहितवृत्तीच्या ब्राह्मण कुटुंबात जन्मलेला हा तरुण विद्यार्थिदशेतच यतींद्रनाथ मुखर्जींच्या क्रांतिकारक गटात दाखल झाला आणि १९१५ मध्ये जर्मनीची शस्त्रास्त्रे मिळविण्याच्या कामगिरीवर बटाव्हियास रवाना झाला. शस्त्रे मिळाली नाहीत. त्याच वर्षी बालासोरजवळच्या चकमकीत यतींद्रनाथही पडले. आणि जपान व चीनमधून भटकत १९१६ मध्ये अमेरिकेस पोहोचलेल्या नरेंद्रनाथांनी तेथे मानवेंद्रनाथ रॉय हे नाव धारण केले.

पहिल्या स्थित्यंतराचे बीज न्यूयॉर्क येथे पडले. लाला लजपतराय यांच्या सभांना रॉय जात असत. परकीय सरकार गेल्यावर हिंदी मजुराची पिळवणूक स्वकीय भांडवलदाराने केली तर त्यात मजुराचे हित ते कोणते, असा प्रश्न अशा एका सभेत श्रोत्यांतून आला, आणि लालाजींच्या उत्तराने आपले समाधान झाले नाही, असे रॉय यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. तोवर त्यांच्या मनात स्वातंत्र्य म्हणजे परकीय अंमलाचा शेवट, इतकीच कल्पना होती. तिच्यामागे उभ्या असलेल्या दारिद्र्याच्या प्रश्नाने त्यांना ग्रंथालयात नेऊन मार्क्सच्या वाचनास लावले. पुढे मेक्सिकोत रशियन साम्यवादी बोरोदिन यांच्या सहवासात हे वाचन पक्व झाले. १९१९ मध्ये तेथील समाजवादी पक्षाचे साम्यवादी पक्षात रूपांतर घडविण्यात पुढाकार घेऊन १९२० मध्ये रॉय कॉमिन्टर्नच्या (आंतरराष्ट्रीय साम्यवादी संघटनेच्या) दुसऱ्या अधिवेशनास रशियात गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे तेहेतीस होते.

या अधिवेशनात वसाहतींच्या प्रश्नावर लेनिन यांच्या मसुद्याबरोबर रॉय यांचा पुरवणी मसुदाही विचारार्थ घेण्यात आला. वसाहतींतील मध्यमवर्गीय राष्ट्रीय चळवळीस साम्यवाद्यांनी साह्य करावे असे लेनिन यांचे मत होते. हा वर्ग आयत्या वेळी साम्राज्यशाहीशी तडजोड करील, यास्तव शेतकरी व कामगार यांचीच संघटना उभारली पाहिजे, असा रॉय यांचा आग्रह होता. गांधीजींविषयीही दोघांचा मतभेद झाला. त्याच वर्षी ताश्कंद येथे परदेशस्थ हिंदी साम्यवाद्यांचा पक्ष स्थापन झाला आणि त्यानंतरची काही वर्षे रॉय हे कॉमिन्टर्नच्या वरिष्ठ मंडळींत गणले गेले. १९२४ च्या कानपूर कट खटल्यात तर ते गैरहजर असूनही सरकारदप्तरी प्रमुख आरोपी होते.

१९२७ मध्ये कॉमिन्टर्नने रॉय यांच्यावर सोपविलेली चीनमधील कामगिरी अयशस्वी झाली. पुढील वर्षी कॉमिन्टर्नने सर्व राष्ट्रवादी पक्षांशी फारकत घेण्याचे अतिजहाल धोरण पत्करले, तेव्हा १९२० मध्ये मध्यमवर्गावर अविश्वास दाखविणाऱ्या रॉय यांनीच या धोरणास विरोध केला आणि १९२९ मध्ये त्यांना बडतर्फ करण्यात आले. वरकरणी हा विसंवाद दिसतो. परंतु चीनमधील पराभव ज्याने प्रत्यक्ष पाहिला त्याने सूत्रापेक्षा अनुभव प्रमाण मानावा, यात प्रस्तुत लेखकास प्रामाणिकपणाचीच खूण दिसते.

१९३० च्या अखेरीस ते टोपण नावाने हिंदुस्थानात परतले. जुलै १९३१ मध्ये मुंबईस त्यांना अटक झाली व कानपूर येथील खटल्यात बारा वर्षांची शिक्षा देण्यात आली. अपिलात ती सहा वर्षांवर आली. तुरुंगात त्यांनी भौतिकशास्त्र, तत्त्वज्ञान व इतिहास यांचे अध्ययन करून नऊ खंडांइतके टिपण लिहिले. मार्क्सच्या आर्थिक नियतिवादाविषयीची त्यांची शंका या एकांतात वाढली असे मानण्यास आधार आहे, कारण पुढील काळातील त्यांच्या लेखनात कल्पनांचे सामर्थ्य आणि व्यक्तीची नैतिक जबाबदारी यांना सतत वरचे स्थान मिळत गेले.

नोव्हेंबर १९३६ मध्ये सुटका होताच ते खानदेशातील फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनास हजर राहिले, आणि महाराष्ट्राशी त्यांचा खरा ऋणानुबंध जडला तो या सुमारासच. वाईच्या प्राज्ञपाठशाळेतील तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी रॉय यांच्या विचारवर्तुळात आले, पत्रकार ह. रा. महाजनी, कामगार पुढारी व. भ. कर्णिक आणि वकील वि. म. तारकुंडे यांनीही त्यांची कास धरली. परंपरागत शास्त्राध्ययनात मुरलेला पंडित आणि मॉस्कोहून बहिष्कृत झालेला क्रांतिकारक यांचा हा स्नेह महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासात अपूर्व आहे.

दुसरे महायुद्ध ही रॉय यांच्या आयुष्यातील सर्वांत कठोर कसोटी ठरली. १९४० मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मौलाना आझाद यांना १,८६४ व रॉय यांना १८३ मते पडली. फॅसिझमचा विजय झाल्यास जगात कोणत्याच स्वातंत्र्याला थारा उरणार नाही, आणि दोस्त राष्ट्रे विजयी झाली तरी युद्धाने खंगलेली ब्रिटिश साम्राज्यशाही टिकणार नाही, या दुहेरी निदानावर त्यांनी युद्धास पाठिंबा जाहीर केला. काँग्रेसशी संबंध तोडून त्यांनी त्याच वर्षी रॅडिकल डेमॉक्रॅटिक पक्ष काढला आणि १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनास विरोध केला. त्यांच्या कामगार संघटनेस युद्धप्रचारार्थ सरकारकडून दरमहा १३,००० रुपये मिळत, या गोष्टीने सरकारधार्जिणेपणाचा डाग त्यांच्या पक्षास कायमचा लागला. निदानाचा दुसरा भाग घटनांनी खरा ठरविला, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि ज्या क्षणी देशातील सामान्य मनुष्य भयमुक्त होऊन रस्त्यावर उतरला होता, त्या क्षणी त्याच्यापासून दूर राहून त्याच्या मुक्तीची भाषा करणे हा रॉय यांच्या बुद्धिवादाचा मोठा दोष होता. जगाचा नकाशा त्यांनी अचूक वाचला, पण स्वजनांचे अंतःकरण त्यांना वाचता आले नाही. १९४६ च्या निवडणुकांत पक्षाचा पुरता धुव्वा उडाला.

या पराभवानंतर त्यांनी पक्षपद्धतीचीच चिकित्सा आरंभली. १९४६ च्या अखेरीस मुंबईच्या परिषदेत बावीस सूत्रे मांडण्यात आली व १९४७ मध्ये नवमानवतावादाचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. राष्ट्र, वर्ग किंवा पक्ष अशा कोणत्याही समूहाच्या नावाने व्यक्तीचा बळी देऊ नये, सत्ता लोकसमित्यांच्या द्वारा तळाशी राहावी आणि विवेकशील नागरिक घडविणारे शिक्षण हीच क्रांतीची पूर्वतयारी मानावी, असा या सूत्रांचा आशय आहे. सत्ताकांक्षी पक्ष हा या ध्येयाचा वाहक होऊ शकत नाही, असे ठरल्यावर डिसेंबर १९४८ मध्ये कलकत्त्याच्या परिषदेत त्यांनी स्वतःचा पक्ष बरखास्त केला. स्वतः स्थापिलेला पक्ष तत्त्वासाठी विसर्जित करणारे पुढारी विरळाच. उर्वरित आयुष्य त्यांनी डेहराडून येथे लेखनात व्यतीत केले.

रॉय यांच्या मतांतील सलगता शोधावयाची तर ती निष्कर्षांत सापडत नाही. ती त्यांच्या पृच्छेत आहे. मुक्त कोणाला व्हावयाचे आहे, या एकाच प्रश्नाचे उत्तर ते प्रथम राष्ट्र, नंतर श्रमिक वर्ग आणि शेवटी व्यक्ती असे देत गेले, आणि प्रत्येक वेळी पूर्वीच्या उत्तरातील उणीव अनुभवाने उघड झाल्यावरच त्यांनी ते बदलले. पदाच्या आशेने केलेल्या पक्षांतराहून हे मतांतर सर्वस्वी निराळे होय.

त्यांच्या अनुयायांपैकी लक्ष्मणशास्त्री पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. १९४२ मध्ये वकिली सोडून रॉय यांच्या पक्षाचे काम पत्करणारे तारकुंडे १९५७ ते १९६९ या काळात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. त्याच १९४२ मध्ये हजारीबागचा तुरुंग फोडून आंदोलनात उतरलेले जयप्रकाश नारायण हेही कालांतराने मार्क्सवाद व पक्षीय राजकारण सोडून लोकसत्तेच्या विचाराकडे वळले, आणि १९७४ मध्ये जयप्रकाश व तारकुंडे यांनी मिळून ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ ही संघटना उभी केली.