डोंगरीचे १०१ दिवस

१/ माझगावला लागून असलेल्या डोंगरीच्या तुरुंगात १८८२ साली दोन तरुण संपादक कैदेत होते : टिळक आणि आगरकर. टिळकांना २६ वर्षे पूर्ण झाली ती तुरुंगातच. ‘केसरी’ तेव्हा जेमतेम दीड वर्षाचा होता.

२/ कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, असे ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी लिहिले होते. रोख दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर होता. आधार हाती आलेल्या काही पत्रांचा.

३/ बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. १७ जुलैला चार महिन्यांची कैद झाली; १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबरला सुटका.

४/ पुढे डिसेंबर १८८३मध्ये, पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर, विशीतल्या छत्रपतींचा अहमदनगरच्या किल्ल्यात अंत झाला. संपादकांची काळजी निराधार नव्हती. खोटा होता तो पुरावा. आणि खटल्यात निकाल लागतो तो पुराव्याचा.

५/ आगरकरांनी या कैदेवर पुस्तक लिहिले. १८८७मध्ये मतभेदांमुळे ‘केसरी’ सोडून १८८८मध्ये त्यांनी स्वतंत्र ‘सुधारक’ काढला. शोधपत्रकारितेची वाट धरू पाहणाऱ्याने डोंगरीची ही हकीकत आधी वाचावी : सत्तेला प्रश्न विचारण्यापूर्वी हातातल्या कागदाची परीक्षा करावी लागते.